डोंगरातल्या शिकारीसाठी हलकी, सुटी होणारी रायफल: कोणती घ्यावी?

भटक्या_बोल्डर
नमस्कार मंडळी. कोलोरॅडोत राहतो. डोंगर चढायची सवय सह्याद्रीतली, शिकारीची ओढ मात्र इथे आल्यावर लागली. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय (१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे तो लागतोच) आणि ऑक्टोबरातल्या पहिल्या रायफल सीझनसाठी एल्कचा (मोठ्या जातीच्या हरणाचा) टॅगही, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, सोडतीत लागलाय.

बेत असा आहे: गाडी रस्ता संपतो तिथे सोडायची, सात-आठ मैल आत जाऊन तंबू ठोकायचा आणि तिथून रोज पहाटे निघायचं. सगळं सामान पाठीवर. अडतंय ते रायफलपाशी. बेचाळीस इंची रायफल सॅकला उभी बांधली की टोक डोक्याच्या वर जातं आणि पडलेल्या झाडांखालून वाकून जाताना अडकत राहतं. म्हणून नळी आणि दस्ता वेगळे होणारी, म्हणजे टेकडाउन रायफल घ्यावी असं मनात आहे. स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) तीन किलोच्या आत, दोन हजार डॉलरपर्यंत.

कोणी वापरली आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, सुटी करून परत जोडल्यावर नेम तोच राहतो का?

सांजवारा
वाचतेय. यातलं काही कळत नाही, पण या संस्थळावर मिसळीचा रस्सा सोडून दुसऱ्या विषयावर धागा निघाला याचाच आनंद आहे :)

अँकरेजकर
भटक्या, टॅगबद्दल अभिनंदन. बरीच वर्षं अलास्कात आहे, टेकडाउन रायफल माझ्याकडे आहे, तेव्हा स्पष्टच सांगतो. सुटी होणारी रायफल प्रवासासाठी असते, चालण्यासाठी नव्हे. या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि दुकानदार त्या एकत्र करून विकतो.

आमच्याकडे शिकारीला जायचं म्हणजे बहुतेक वेळा सुपर कबसारखं छोटं विमान. वैमानिकाच्या मागे एक माणूस आणि त्याच्या मागे जेमतेम सामान. तिथे लांबडी पेटी नकोशी होते, दोन तुकड्यांची रायफल मऊ पिशवीत कुठेही बसते. शिवाय ज्या दिवशी विमानाने उतरलात त्या दिवशी बहुतेक मोठ्या प्राण्यांची शिकार करायला कायद्याने बंदी आहे, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच परवानगी. त्यामुळे उतरल्यावर रायफल जोडायला, दोन गोळ्या झाडून नेम तपासायला निवांत वेळ असतो. एकदा जोडली की परतीच्या विमानापर्यंत ती सुटी होत नाही.

आता तुमचा बेत बघा. सात-आठ मैल चालताना रायफल दोन तुकड्यांत सॅकमध्ये. वाटेत पहाटेच्या उजेडात दोनशे यार्डांवर एल्क उभा दिसला तर? सॅक उतरवा, नळी काढा, टोप्या काढा, जोडा. तोवर तो पुढच्या खोऱ्यात. आमच्याकडे तर अस्वलामुळे हा विचारच करता येत नाही. ग्रिझलीच्या मुलखात सॅकमधली अर्धी रायफल असून नसल्यासारखी.

भटक्या_बोल्डर
अँकरेजकर काका, पटतंय, पण पूर्ण नाही. आत जाण्याचा दिवस हा शिकारीचा दिवस नाही. तंबू लागल्यावर जोडली आणि मग सुटी केलीच नाही, तर?

अँकरेजकर
तर चालेल. पण मग तुम्ही दोन दिवसांच्या सोयीसाठी (एक जाण्याचा, एक येण्याचा) पुढची सगळी वर्षं एक जादा सांधा सांभाळणार. येतानाचं तर विसराच. एल्क मिळाला तर हाडं काढलेलं मांसच शंभर किलोच्या आसपास भरतं. ते तीन-चार खेपांत वाहून आणताना रायफल लांब की आखूड हे तुमच्या ध्यानातही राहणार नाही.

टॉर्करेंच
नेमाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, माँटानात स्थायिक.

प्रश्न एकच विचारायचा: स्कोप कशावर बसलाय? नळीवर की रिसीव्हरवर (नळीमागच्या धातूच्या सांगाड्यावर)?

स्कोप रिसीव्हरवर आणि नळी सुटी होणारी असेल, तर दरवेळी नळी नेमकी त्याच कोनात परत बसली पाहिजे. तिथे कोनाच्या एका मिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) फरक पडला तर १०० मीटरवर गोळी २.९ सेंमी सरकते, ३०० मीटरवर जवळजवळ ९ सेंमी. एल्कच्या छातीपुढे नऊ सेंमी फार नाहीत, पण त्यात वारा, धाप लागलेला श्वास आणि थंडीने आखडलेली बोटं मिळवा.

स्कोप नळीवरच असेल तर नळी आणि स्कोप एकत्र निघतात, एकत्र बसतात. मधला सांधा किंचित हलला तरी दोघांमधलं नातं बदलत नाही. जर्मन ब्लेझर आर८ हेच करते. स्कोपचा सॅडल माउंट थेट नळीवर, फोरएंडमधले (नळीखालच्या पुढच्या दस्त्यातले) दोन, सैल झाले तरी न निसटणारे स्क्रू टी-आकाराच्या किल्लीने सैल केले की नळी हातात. बोल्टही (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) नळीतच अडकून बंद होतो, म्हणजे काडतुसाच्या बुडामागचं अंतर नळी आणि बोल्ट यांच्यातच ठरतं, रिसीव्हरवर काही अवलंबून नाही. गोळी झाडताना सगळा दाब तिथेच पेलला जातो. फार सुंदर यंत्र आहे. किंमत मात्र चार हजार डॉलरच्या पुढे, स्कोप वेगळा.

भटक्याच्या बजेटमधली खरी टेकडाउन म्हणजे ब्राउनिंगची बीएलआर, लिव्हर अ‍ॅक्शन. फोरएंडखालचा खटका ओढला की नळी फोरएंडसकट वेगळी होते. .३०८ काडतुसासाठी मिळते. स्कोप नेहमीसारखा रिसीव्हरवर लावता येतो किंवा खास माउंट घेऊन नळीवर पुढे. नेम टिकवायचा तर दुसरी पद्धत. मात्र पुढे लावायचा स्कोप लांब आय-रिलीफचा, म्हणजे डोळ्यापासून दूर असूनही दिसणारा, लागतो, त्याचा दृष्टिपट अरुंद आणि झुंजूमुंजू उजेडात तो कमी पडतो. एल्क नेमका त्याच वेळी बाहेर येतो.

गावशिवार
सांगली जिल्ह्यातून लिहितोय. तुम्ही ज्याला टेकडाउन म्हणताय ते आमच्या घरी आजोबांच्या काळापासून आहे. बारा बोअरची दुनळी. पुढचं लाकूड काढा, नळ्या मोडा, बिजागरातून उचला. तीन तुकडे झाले. सागवानी पेटीत हिरव्या बनातीवर ते तीन तुकडे ठेवलेले असायचे. पीकरक्षणाचा परवाना होता. आता वर्षानुवर्षं गोळी सुटत नाही, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची एवढाच तिचा प्रवास.

सांगायचा मुद्दा, बिजागरी बंदूक मुळातच सुटी होते. त्यासाठी वेगळी कारागिरी लागत नाही. मग तुमच्याकडे बिजागरी रायफल का घेत नाहीत?

ग्राझवासी
गावशिवार दादा, तुम्ही आमच्या आल्प्सच्या दारात आणून सोडलंत! मी ऑस्ट्रियात, श्टायरमार्क प्रांतात राहतो. इथे डोंगरातल्या शिकारीची मानाची बंदूक म्हणजे तुम्ही सांगताय तीच: एकनळी, बिजागरी रायफल. किपलाउफ म्हणतात. वजन अडीच किलोच्या आसपास, मोडून दोन तुकडे केले की रुकसाकमध्ये पूर्ण मावते. स्कोप नळीवरच, म्हणजे टॉर्करेंच यांची अट आपोआप पूर्ण. गाम्स, म्हणजे कड्यांवरचा शॅमॉय, मारायला हीच नेतात. फेरलाख नावाच्या छोट्या गावात आजही कारागीर त्या हाताने घडवतात, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड गिऱ्हाईक स्वतः निवडतं.

गोळी एकच. पण त्यामुळेच इथला शिकारी घाई करत नाही. जवळ जातो, दगडावर रुकसाक ठेवून त्यावर नळी टेकवतो, आणि खात्री नसेल तर गोळी न झाडता परत येतो. मला ही शिस्त फार आवडते.

आणि एक गंमत. आल्प्समध्ये सुट्या होणाऱ्या बंदुकीचा दुसरा इतिहास चोरट्या शिकाऱ्यांचा आहे. एकोणिसाव्या शतकात जंगल जमीनदाराचं, शिकारही त्याची. मग गावातली पोरं नळी आट्यांनी सोडवता येईल अशा आखूड बंदुका कोटाखाली लपवून वर जायची. त्याची आठवण कायद्यात राहिली आहे: जर्मनीत शिकार-नेमबाजीसाठी नेहमीचं आहे त्यापलीकडे झटपट सुटं होणारं किंवा दुमडून आखूड होणारं हत्यार आजही निषिद्ध आहे. किपलाउफ मोडणं नेहमीचं धरलं जातं, म्हणून ती चालते.

मृद्गंधा
माफ करा, पण मला हा धागा वाचवत नाही. पोट भरायला दुकान आहे, मग मुक्या जनावराला का मारायचं? आणि वर त्याच्या यंत्राचं कौतुक. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे ती उगाच नाही.

माळरान
मृद्गंधा ताई, तुमची तळमळ खरी आहे म्हणून नीट उत्तर देते. मीही वायव्य अमेरिकेत शिकार करते, आणि वर्षभर घरात मांस येतं ते तेवढंच.

भारताचा कायदा भारतासाठी बरोबर आहे. आपल्याकडे जंगल उरलं किती आणि माणसं किती! अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारासाठी केलेल्या अंदाधुंद कत्तलीने एल्क बहुतेक राज्यांतून संपला होता. तो परत आला तो ठरवून दिलेले टॅग, ठरलेले हंगाम आणि पैसा यांच्या जोरावर. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो वन्यजीवांसाठीच राज्यांना वाटला जातो. भटक्याने रायफल घेतली की त्या पैशातला वाटा कुठल्या तरी कुरणाला जाणार. आणि मारलेल्या जनावराचं खाण्यालायक मांस टाकून देणं कोलोरॅडोत गुन्हा आहे, फक्त शिंगं घेऊन निघून जाता येत नाही.

तुम्ही शाकाहारी असाल तर तुमच्या मताचा आदर आहे. पण कोंबडी पिशवीतून आणणाऱ्यांनी मला शिकवू नये असं मात्र वाटतं.

मृद्गंधा
मी शाकाहारीच आहे. कराची गोष्ट माहीत नव्हती. मत बदललं नाही, पण उत्तर शांतपणे दिलंत त्याबद्दल आभार.

ग्राझवासी
माळरान, यावरून आठवलं. इथे प्राणी पडला की शिकारी टोपी काढतो आणि हिरवी डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवतो. शेवटचा घास. हे झाल्याशिवाय सुरी निघत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची आठवण झाली, जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवणाऱ्यांची.

जर्सीवाला
विषयाला फाटा फोडतोय, पण माझ्यासारखे बरेच वाचत असतील. मी एच-१बी वर आहे. मला रायफल घेताच येत नाही ना? एका मित्राने सांगितलं की थेट हद्दपारी.

माळरान
मित्राने अर्धं सांगितलं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे हे खरं. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना तुमच्या नावावर असेल तर ती बंदी लागू होत नाही. दुकानात ४४७३ नंबरच्या फॉर्मवर ते विचारतात आणि परवान्याची प्रत मागतात. 'चालू' या शब्दाकडे लक्ष द्या. परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण राहिलं आणि रायफल घरात असेल तर तुम्ही गुन्ह्यात सापडता. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. काहीही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, शंभर-दोनशे डॉलर वाचवायची ही जागा नव्हे.

आणि तुम्ही न्यू जर्सीत आहात, तर तिथे रायफल-शॉटगनसाठीही आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं. हरणाची शिकार तिथे शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्यानेच, रायफलने नाही.

जर्सीवाला
ठासणीची बंदूक! कोकणातल्या मामाची होती तशी? ती न्यू जर्सीत चालते आणि रायफल नाही, हे वाचून मामा आभाळातून हसला असेल :)

टॉर्करेंच
न्यू जर्सी निघालंच आहे तर विमानप्रवासाचं सांगून ठेवतो, टेकडाउनचा खरा उपयोग तिथेच आहे. रायफल रिकामी, कडक पेटीत, कुलूपबंद, काउंटरवर घोषित करून, चेक-इन सामानातच. किल्ली तुमच्याकडे. काडतुसं खोक्यात, बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा ५ किलो. सुटी रायफल नेहमीच्या सूटकेसएवढ्या पेटीत जाते, आत काय आहे हे सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या दहा जणांना कळत नाही.

पण न्यूअर्क किंवा न्यूयॉर्कहून जोडउड्डाण घेऊ नका. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्याला १९८६च्या कायद्याचं संरक्षण आहे, पण ते प्रवास अखंड असेपर्यंत. विमान रद्द झालं, पेटी हातात देऊन हॉटेलात पाठवलं, की तुम्ही स्थानिक कायद्याखाली आलात. तिथे लोकांना अटक झाली आहे. डेन्व्हर, सॉल्ट लेक, मिनिआपोलिस असा मार्ग काढा.

रानकिडा
.२२ (छोट्या काडतुसाच्या रायफली) बद्दल कोणी लिहिलं नाही? रुगर १०/२२ टेकडाउन २०१२ साली आली, दोन किलोच्या जरा वर. बोल्ट मागे अडकवा, खटका दाबा, पीळ द्या, दोन तुकडे. सांध्यापाशी घट्टपणा जुळवायची चकतीही आहे. हेन्रीची एआर-७ त्याहून हलकी, १.६ किलो, नळी, रिसीव्हर, मॅगझिन सगळं पोकळ दस्त्यात जातं आणि ती पाण्यावर तरंगते. मूळ कल्पना अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकांसाठी, विमान रानात पडलं तर पोटापाण्याची सोय म्हणून. सॅकच्या तळाशी असावी असं हत्यार हेच.

अँकरेजकर
टार्मिगन पक्षी, ससे यांच्यासाठी उत्तम. माझ्या होडीत असतेच. पण .२२ने एल्क मारणं बेकायदा आणि क्रूर. कोलोरॅडोत एल्कला किमान .२४ इंच व्यासाची नळी आणि ८५ ग्रेनची गोळी लागते, १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे. ते किमान आहे. मी त्याच्या बरंच वर राहीन.

मळेकरी
अँकरेजकरांशी अर्धा असहमत. "जादा सांधा" म्हणून टेकडाउनला मोडीत काढू नका. विंचेस्टर, सॅव्हेज, मार्लिन यांनी शंभर वर्षांपूर्वी हजारो विकल्या. तेव्हा माणूस आगगाडीने, मग घोड्यावरून जायचा आणि रायफल ट्रंकेत बसायची. विंचेस्टरमध्ये तर सांधा झिजला तर घट्ट करायची सोयसुद्धा ठेवलेली असे. माझ्याकडे त्या काळातली .३० कॅलिबरची सॅव्हेज ९९ आहे, अजून शंभर यार्डांवर हरणाला नाही म्हणत नाही. मी अपार्टमेंटमध्ये राहतो, मोटरसायकलवरून जातो. माझ्यासाठी दोन तुकड्यांची रायफल हौस नाही, तीच एक वाट आहे.

अँकरेजकर
मळेकरी, मोटरसायकल म्हणजे प्रवासच. तुमची गरज खरी आहे आणि बंदूक तिला साजेशी आहे. मी एवढंच म्हणतोय की भटक्याची गरज ती नाही.

माळरान
मूळ प्रश्नाकडे येऊ. भटक्याला दोन गोष्टी हव्यात: हलकी आणि आखूड. सुटी ही तिसरी गोष्ट त्याने स्वतःच जोडली.

आखूड हवी तर वीस इंची नळीची साधी बोल्ट रायफल बघ. बावीस-चोवीस इंची नळीपेक्षा वेग थोडा कमी मिळेल, तीनशे यार्डांच्या आत एल्कला काही फरक पडत नाही. आत जाताना आणखी आखूड हवी असेल तर दस्त्याचे दोन स्क्रू काढ. नळी आणि रिसीव्हर मिळून तीस इंचांच्या आत, स्कोप जागच्या जागी. चांगल्या दस्त्यात अ‍ॅल्युमिनियमचा आधार असतो; छोट्या टॉर्क पान्याने स्क्रू मोजून तेवढेच आवळले तर नेम फारसा हलत नाही. आधी घरी मैदानावर हे करून बघ: पाच गोळ्या, खोल, जोड, परत पाच गोळ्या. कागद सांगेल ते खरं.

टॉर्करेंच
माळरान +१. नळी आणि स्कोपमधला सांधा यात उघडतच नाही, म्हणून ही युक्ती चालते.

वजनाबद्दल एक इशारा. टिक्का टी३एक्स लाइट साधारण २.९ किलो, किंबरची माउंटन असेंट २.२ किलो, दोन्ही स्कोपशिवाय. अडीच किलोच्या खाली जाण्याचा मोह होतो, पण रायफल साडेतीन किलोवरून अडीचवर आणली की त्याच काडतुसाची धक्क्याची ऊर्जा साधारण चाळीस टक्क्यांनी वाढते. खांदा दुखतो हे जाऊ द्या, चाप ओढण्याआधीच डोळा मिटायला लागतो आणि ती सवय सुटता सुटत नाही. शिवाय हलकी नळी धापा टाकणाऱ्या छातीबरोबर नाचते. ६.५ क्रीडमूर किंवा ७एमएम-०८ काडतुसाची घे, .३०० मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसाचा विचार पहिल्या रायफलीत नको. स्कोप मात्र हलका घे; पाऊण किलोचा स्कोप लावून हलक्या रायफलीचे पैसे का मोजायचे?

ग्राझवासी
इतकं सगळं असूनही मी किपलाउफला मत देणार. पण कबूल, पहिल्या एल्कसाठी, एकट्याने, दुसरी गोळी हाताशी असलेली बरी.

भटक्या_बोल्डर
मंडळी, अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं. टेकडाउन बाद. ६.५ क्रीडमूरमध्ये वीस इंची नळीच्या दोन-तीन रायफली हातात धरून बघतो, उरलेले पैसे स्कोप, काडतुसं आणि सरावाला. सॅकला बाजूने आडवी धरणारी, एका हाताने निघणारी पिशवी मिळते, तीही बघतोय, म्हणजे दस्ता काढायचीही वेळ येणार नाही.

शेवटचा प्रश्न: चालताना नळीत बर्फ, पालापाचोळा जातो त्याचं काय करता? रबरी टोपी लावली आणि ऐन वेळी काढायची राहिली तर?

अँकरेजकर
टोपी नको. तोंडावर वायरमनची काळी चिकटपट्टी लाव, एकच थर. काढावी लागत नाही; नळीतली हवा गोळीच्या पुढे ढकलली जाते आणि पट्टी गोळी पोचण्याआधीच उडते, नेमाला धक्का लागत नाही. चार-पाच वेढे नळीभोवती गुंडाळून ठेव, पुढच्या वेळेला तिथलीच कापायची. पण रायफल तोंडावर आपटली किंवा बर्फात रुतली, तर पट्टी असो नसो, आधी काडतूस काढ, बोल्ट काढ आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघ. आणि गाडी ठेवशील तिथे परवानगी असेल तर निघण्याआधी एक गोळी झाडून नेम बघून घे. डेन्व्हरपासूनच्या खडबडीत रस्त्याने स्कोप हलला असेल तर ते तिथे कळलेलं बरं.